गांजाच्या परवानाधारक दुकानाचा फेडरल टॅक्स: २८०ई खाली हिशेब कसा लावायचा

अमेरिकेत राज्याचा परवाना घेऊन गांजा विकणाऱ्या धंद्याचा फेडरल रिटर्न बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतो. वर्षभर वह्या किराणा दुकानासारख्या लिहिल्या जातात आणि मार्चमध्ये त्या सीपीएपुढे (परवानाधारक अकाउंटंटपुढे) ठेवून ‘आता याला २८०ई लावा’ असं सांगितलं जातं. तोवर कोणता पगार कोणत्या कामाचा आणि कोणती खोली कशासाठी वापरली, याचा पुरावा उरलेला नसतो. हे काम जानेवारीत सुरू करायचं असतं, आणि ठरावीक क्रमाने.

नियम असा. नियंत्रित द्रव्यांच्या फेडरल यादीतल्या शेड्यूल १ किंवा २ मधल्या पदार्थाचा व्यापार करणाऱ्या धंद्याला फेडरल टॅक्स कायद्याचं कलम २८०ई कोणतीही वजावट देत नाही आणि कोणतंही टॅक्स क्रेडिट देत नाही. राज्याने परवाना दिला आहे का, हा प्रश्न ते विचारतच नाही. सुटते ती एकच गोष्ट: विकलेल्या मालाची किंमत. ती कायद्याच्या भाषेत वजावट नाही. एकूण नफा काढतानाच ती विक्रीतून वजा होते.

आकड्यांत बघा. दुकानाची विक्री २० लाख डॉलर, मालाची किंमत ११ लाख. एकूण नफा ९ लाख. पगार ३,८०,०००, भाडं १,२०,०००, सुरक्षा ६०,०००, जाहिरात ५०,०००, विमा-अकाउंटंट वगैरे ९०,०००, म्हणजे खर्च ७ लाख. हातात खरे उरले २ लाख. साध्या दुकानाने २१ टक्क्यांनी ४२,००० भरले असते. इथे टॅक्स ९ लाखांवर बसतो: १,८९,०००. उरले ११,०००, आणि राज्याचा टॅक्स अजून भरायचाच आहे.

टप्पा १: पैसे घालण्याआधी व्हिसा बघा

हा टप्पा टॅक्सचा नाही, तरी पहिला आहे. एच-१बी, ग्रीन कार्डच्या रांगेत किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या मराठी माणसाने न्यू जर्सीतल्या मित्राच्या डिस्पेन्सरीत (गांजाच्या परवानाधारक दुकानात) भागीदारी घेणं हा निव्वळ गुंतवणुकीचा प्रश्न नाही. इमिग्रेशन कायदा फेडरल आहे. यूएससीआयएसने (फेडरल इमिग्रेशन खात्याने) एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाच्या धंद्यातली नोकरीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या नैतिक चारित्र्या’च्या आड येऊ शकते.

त्याहून कडक आहे तो प्रवेशबंदीचा नियम. तिथे कोर्टात दोषी ठरण्याची गरज नाही. अंमली पदार्थांच्या व्यापारात हात असल्याचं ‘मानायला कारण’ अधिकाऱ्याला दिसलं की पुरे. मागच्या ५ वर्षांत त्या पैशाचा फायदा जाणूनबुजून घेतलेला नवरा, बायको, मुलगा, मुलगीही त्यात येतात.

सावध: ‘मी फक्त हिशेब बघतो’, ‘मी फक्त जागा भाड्याने दिली’ ही वाक्यं इमिग्रेशन वकिलाला आधी सांगा, मुलाखतीच्या टेबलावर नंतर नकोत. नागरिक नसलेल्याने हा टप्पा पूर्ण केल्याशिवाय पुढचे वाचून उपयोग नाही.

टप्पा २: ज्या वर्षाचा रिटर्न, त्या वर्षाची यादी

२८०ई शेड्यूल १ आणि २ पुरतंच आहे. गांजा शेड्यूल ३ मध्ये नेण्याचा प्रस्ताव न्याय खात्याने मे २०२४ मध्ये मांडला आणि तेव्हापासून ‘२८०ई गेलं’ अशी अफवा दर तीन महिन्यांनी उठते. प्रस्ताव, भाषण आणि अध्यक्षांचा आदेश यांनी टॅक्स बदलत नाही. बदलतो तो अंतिम नियमाने, आणि तोही अंमलाच्या तारखेपासून. २८ जून २०२४ रोजी आयआरएसने (फेडरल टॅक्स खात्याने) हेच बजावलं: अंतिम नियमाआधीच्या वर्षांसाठी परतावा मागणारे सुधारित रिटर्न ग्राह्य नाहीत.

तपासा: तुमच्या कर-वर्षात, तुम्ही विकता त्या प्रकारचा गांजा कोणत्या शेड्यूलवर होता? वर्षाच्या पहिल्या दिवशीचं आणि शेवटच्या दिवशीचं उत्तर कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवा. शेड्यूल १ असेल तर पुढचं सगळं लागू.

हेम्प, म्हणजे नशेचं द्रव्य अगदी कमी असलेला गांजा, वेगळा. २०१८ च्या शेती कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) असलेला हेम्प यादीतून काढला. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये ही व्याख्याच घट्ट करणारा कायदा झाला, त्याला अंमलासाठी वर्षभराची मुदत होती. गमी आणि पेयं विकत असाल तर जुन्या लॅब रिपोर्टवर विसंबू नका.

टप्पा ३: धंदा एक की दोन?

२८०ई धंद्याला लागतं, माणसाला नाही. एकाच मालकाचा दुसरा खरा धंदा असेल तर त्याच्या वजावटी शाबूत राहतात. इथेच लोक सगळ्यात जास्त हुशारी करतात आणि इथेच हरतात. टॅक्स कोर्टाचे तीन निकाल शेजारी ठेवले की रेघ कुठे आहे ते दिसतं.

२००७ च्या चॅम्प प्रकरणात संस्था रुग्णांना समुपदेशन, जेवण, आधारगट अशा सेवा देत होती आणि गांजा हा त्यातला एक भाग होता. कोर्टाने दोन धंदे मानले आणि कामगारांची संख्या व जागा यांच्या प्रमाणात खर्च वाटू दिला. २०१२ च्या ऑलिव्ह प्रकरणात दुकानात योग, खेळ, खाऊ सगळं होतं, पण फुकट. पैसे फक्त गांजाचे. धंदा एकच ठरला. २०१८ च्या हार्बरसाइड प्रकरणात टी-शर्ट वगैरे विकले जात होते, पण विक्रीतला ९९.५ टक्के वाटा गांजाचा होता. तोही एकच धंदा.

दुसरा धंदा दाखवायचा असेल तर त्याची स्वतःची किंमत असलेली सेवा किंवा माल, स्वतंत्र बँक खातं, स्वतंत्र वह्या, स्वतंत्र दर-यादी आणि शक्य तर स्वतंत्र कामगार हवेत. कोपऱ्यात चार चिलमी आणि टोप्या मांडून भागत नाही.

सावध: ‘मॅनेजमेंट कंपनी काढा, कामगार तिच्या पगारावर घ्या, ती गांजाला हात लावत नाही’ हा सल्ला अजूनही विकला जातो. २०१८ मध्येच टॅक्स कोर्टाने अशा कंपनीलाही २८०ई लावलं. परिणाम असा की तोच खर्च दोनदा नाकारला जातो: दुकानात फी म्हणून आणि मॅनेजमेंट कंपनीत पगार म्हणून.

टप्पा ४: कंपनीचा प्रकार ठरवा

एलएलसी किंवा एस-कॉर्प घेऊन नफा थेट मालकाच्या रिटर्नमध्ये नेणं साध्या धंद्यात सोयीचं असतं. इथे ते अंगावर येतं. वरच्या उदाहरणातले ९ लाख मालकांच्या के-१ वर (नफ्यातला वाटा दाखवणाऱ्या फॉर्मवर) उतरतात. ती सगळी रक्कम ३७ टक्क्यांच्या टप्प्यात पडली तर टॅक्स ३,३३,०००, आणि खरा नफा २ लाख. घरच्या खिशातून भर घालावी लागते. शिवाय नोटीस आली तर ती तुमच्या घरच्या पत्त्यावर.

एस-कॉर्पमध्ये आणखी एक खोच आहे. मालकाने नियमाप्रमाणे पगार घेतला, त्यावर स्वतः टॅक्स भरला, पण कंपनीला त्या पगाराची वजावट नाही, म्हणून तीच रक्कम नफा म्हणून पुन्हा त्याच्याच रिटर्नमध्ये. कोलोराडोतल्या एका दांपत्याने २०१८ मध्ये हा दुहेरी टॅक्स अन्यायाचा असल्याचं टॅक्स कोर्टात मांडून बघितलं. ते हरले.

म्हणून दुकानासाठी सी-कॉर्प, म्हणजे आपला टॅक्स स्वतः भरणारी कंपनी, हाच बहुतेकदा शहाणा पर्याय. २१ टक्के सपाट दर, आणि थकबाकी कंपनीपुरती. अपवाद एकच: कामगारांच्या पगारातून कापलेला टॅक्स, त्याबद्दल टप्पा ७ मध्ये.

टप्पा ५: मालाची किंमत: काय आत, काय बाहेर

आधी ठरवा: तुम्ही विकत घेऊन विकता, की पिकवता? नियम दोघांना वेगळे आहेत. २०१५ मध्ये आयआरएसच्या कायदा विभागाने साठ्याच्या हिशेबाचे, म्हणजे कलम ४७१ चे, मूळ नियम वापरायला सांगितले. २६३ए चे विस्तारित नियम वापरून खरेदी-विभागाचा पगार आणि गोदामाचा खर्च मालात ढकलता येत नाही, कारण जो खर्च मुळात वजावटीला पात्र नाही तो २६३ए मधून मागच्या दाराने आत येत नाही. हार्बरसाइडमध्ये कोर्टाने हेच म्हटलं.

*फक्त विकणारं दुकान.* आत येतं: बिलातली किंमत, त्यातून व्यापारी सूट वजा, माल दुकानापर्यंत आणण्याचं भाडं आणि माल ताब्यात घेण्यासाठी लागलेला आवश्यक खर्च. संपलं. काउंटरवरच्या बडटेंडरचा पगार, दुकानाचं भाडं, कॅमेरे, पहारेकरी, वेबसाइट, कार्ड-मशिनची फी, विक्रीची पिशवी हे सगळं बाहेर. माल आल्यावर तो निवडणं, छाटणं आणि लहान पाकिटांत भरणं यानेही दुकान ‘उत्पादक’ होत नाही. हार्बरसाइडने तेही करून बघितलं होतं.

*पिकवणारा.* इथे बरंच आत येतं. बी, रोपं, माती, खत, कुंड्या हा कच्चा माल, लागवड, कापणी, वाळवण, ट्रिमिंग करणाऱ्यांची मजुरी आणि त्या मजुरीवरचा मालकाच्या वाट्याचा पेरोल टॅक्स, लागवडीच्या खोल्यांचं भाडं, वीज, पाणी, दुरुस्ती, दर्जा-तपासणी. हे पहिल्या गटातले, नेहमी मालात धरायचे खर्च. जाहिरात, विक्री, वितरण, व्याज, सामान्य ऑफिस खर्च हे दुसऱ्या गटातले, मालात कधीच नाहीत. मधला गट आहे लागवडीच्या यंत्रांचा घसारा, मालमत्ता कर, विमा, कामगारांचे लाभ, उत्पादन बघणाऱ्या अधिकाऱ्याचा पगार, नासाडी. हे तुमच्या आर्थिक ताळेबंदात जसे धरलेत तसेच रिटर्नमध्ये धरायचे. ताळेबंदात ऑफिस खर्च आणि रिटर्नमध्ये मालाची किंमत, असं केलं की तपासनीस तिथेच बोट ठेवतो.

वाटणी अशी करा. समजा जागा १०,००० चौरस फूट: ७,००० लागवड, वाळवण आणि ट्रिमिंग, ३,००० दुकान, ऑफिस, तयार मालाची तिजोरी. वार्षिक भाडं १,८०,०००. उत्पादनात १,२६,००० जातात. नकाशावर खोल्या रंगवा, मोजमाप लिहा, तारीख घाला. खोलीचा वापर बदलला तर नवा नकाशा. विजेला हे प्रमाण लावू नका: दिवे आणि डीह्युमिडिफायर असलेल्या खोल्या दुकानाच्या कितीतरी पट वीज खातात. लागवडीच्या पॅनेलला वेगळा सबमीटर बसवा. त्याचा खर्च पहिल्याच वर्षी निघतो.

सावध: कलम ४७१(सी) वर ‘सगळा खर्च मालात टाका’ म्हणणारे भेटतील. सरासरी वार्षिक उलाढाल ठरावीक मर्यादेखाली (२०२५ साठी ३ कोटी १० लाख डॉलर) असलेल्यांना आपल्या वह्यांप्रमाणे साठा मोजायची मुभा हे कलम देतं, हे खरं. पण जानेवारी २०२१ च्या नियमांनी त्यातूनही वजावटीला अपात्र खर्च वसूल करता येत नाही असं ठरवलं. तरीही ही भूमिका घ्यायचीच असेल तर लेखी कायदेशीर मत, फॉर्म ८२७५-आर वर खुलासा, पद्धत बदलत असाल तर फॉर्म ३११५, आणि वाचलेला टॅक्स अधिक २० टक्के दंड अधिक व्याज एवढी रक्कम बाजूला. पैसे बाजूला ठेवता येत नसतील तर ही भूमिका तुमच्यासाठी नाही.

टप्पा ६: रोजच्या नोंदी

खाती उघडतानाच तीन कप्पे करा: मालाची किंमत, २८०ई खाली नाकारलेला खर्च, आणि दुसरा धंदा असल्यास त्याचा खर्च. प्रत्येक बिल येईल त्या दिवशी कप्प्यात पडलं पाहिजे.

हजेरीपत्रकात तास आणि काम दोन्ही हवं. उदाहरणार्थ १०१ लागवड, १०२ ट्रिमिंग, १०३ उत्पादनाचं पॅकिंग, २०१ काउंटर, ३०१ ऑफिस. एखादी कामगार सकाळी ४ तास ट्रिमिंग करून दुपारी ४ तास काउंटरवर उभी राहत असेल तर त्याच दिवशी १०२ समोर ४ आणि २०१ समोर ४ असं तिने स्वतः लिहून सही करावी. डिसेंबरमध्ये मॅनेजरने अंदाजाने लिहिलेली ‘६० टक्के उत्पादन’ ही टीप पुरावा ठरत नाही.

दर आठवड्याला तीन आकडे जुळवा: राज्याच्या ट्रॅकिंग यंत्रणेतला साठा, विक्रीच्या सॉफ्टवेअरमधला साठा, आणि तराजूवरचा साठा. मेट्रक (साठ्याचा माग ठेवणारी यंत्रणा) असलेल्या राज्यांत याला विशेष महत्त्व आहे, कारण कोलोराडोतल्या प्रकरणांत आयआरएसने राज्याकडूनच मेट्रकची माहिती मागवली आणि कोर्टांनी ती मागणी मान्य केली. पिकवणाऱ्यांकडे फरक बहुधा वाळवणीत पडतो: ओलं फूल वाळल्यावर साधारण पाव ते पाचव्या हिश्शावर येतं. ओलं वजन, कोरडं वजन आणि टाकलेल्या देठा-पानांचं वजन प्रत्येक बॅचला लिहिलं नाही तर हरवलेले किलो ‘वहीबाहेरची विक्री’ दिसतात.

तपासा: महिनाअखेर कोणतीही पाच बिलं काढा. बिलापासून कप्प्यापर्यंत आणि कप्प्यापासून बिलापर्यंत रस्ता सापडतो का?

टप्पा ७: रोकड, बँक, पगारकपात

बँकेला धंदा काय ते खरं सांगा. फिनसेनच्या (फेडरल आर्थिक गुन्हे विभागाच्या) फेब्रुवारी २०१४ च्या सूचनांनुसार बँक असं खातं ठेवू शकते, पण तिला नियमित संशयास्पद व्यवहार अहवाल द्यावे लागतात. म्हणून खात्याची फी जास्त असते. ‘वेलनेस सेंटर’ म्हणून खातं उघडणं हा बँकेला फसवण्याचा फेडरल गुन्हा होऊ शकतो. गांजाचे कार्ड-व्यवहार खोट्या व्यापाऱ्यांच्या नावाने फिरवल्याबद्दल न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टात २०२१ मध्ये दोघांना दोषी ठरवलं गेलं होतं.

एका व्यवहारात किंवा एकमेकांशी जोडलेल्या व्यवहारांत १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख मिळाली तर १५ दिवसांत आयआरएसला रोकडीची माहिती देणारा फॉर्म ८३००. किरकोळ ग्राहकाकडून हे क्वचित घडतं. घाऊक विक्रीत मात्र दर आठवड्याला घडतं, आणि हप्ते पाडून १०,००० च्या खाली राहणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पगारकपातीचा टॅक्स सगळ्यात आधी भरा, भाड्याच्याही आधी. तो कामगारांचा पैसा आहे. थकला तर कंपनीचं कवच बाजूला ठेवून जबाबदार व्यक्तीकडून वैयक्तिक वसूल होतो. भरणा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने व्हावा लागतो, नाहीतर १० टक्के दंड. बँक नसेल तर आयआरएसच्या कार्यालयात रोख भरण्याची वेळ कित्येक आठवडे आधी ठरवा, आणि बँक न मिळाल्याची नकारपत्रं जपून ठेवा. दंडमाफी मागताना तीच कामाला येतात.

अंदाजी टॅक्सचे हप्ते वहीतल्या नफ्यावर काढू नका. कॅलेंडर वर्षाच्या सी-कॉर्पसाठी १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर. प्रत्येक वेळी एकूण नफ्याच्या २१ टक्क्यांवरून. सोपा उपाय: दर सोमवारी मागच्या आठवड्याच्या एकूण नफ्याचे २१ टक्के वेगळ्या खात्यात.

टप्पा ८: रिटर्न भरताना

१. गोळा केलेला सेल्स टॅक्स विक्रीत धरू नका. राज्याच्या एक्साइजसाठी त्या राज्याचा कायदा तो कोणावर लावतो ते बघा. वॉशिंग्टन राज्याच्या एक्साइजबद्दल आयआरएसने २०१५ मध्ये तो विक्रीच्या रकमेतून कमी करायला सांगितलं होतं.

२. फॉर्म ११२५-ए (मालाच्या किमतीचा): सुरुवातीचा साठा, खरेदी, उत्पादनाची मजुरी. ओळ ४, म्हणजे २६३ए चे खर्च, रिकामी. ओळ ५ ला जोडपत्र, प्रत्येक खर्चापुढे वाटणीचा आधार: चौरस फूट, तास की मीटर.

३. शेवटचा साठा प्रत्यक्ष मोजलेला, ३१ डिसेंबरच्या सहीच्या पानासह. अंदाजी साठा म्हणजे अंदाजी टॅक्स.

४. फॉर्म ११२० (कॉर्पोरेशनचा रिटर्न) वर वजावटीच्या ओळींत गांजा धंद्याचं काही नाही. घसारा नाही, देणगीही नाही. सॅन होजे वेलनेस प्रकरणात २०२१ मध्ये कोर्टाने दोन्ही नाकारले आणि वर दंड कायम ठेवला.

५. नाकारलेला खर्च शेड्यूल एम-१ च्या ओळ ५ वर, ‘कलम २८०ई’ असं लिहून. वही आणि रिटर्न यांतला फरक इथे डॉलरपर्यंत जुळला पाहिजे.

वजावट नसली तरी कामगारांना डब्ल्यू-२ आणि ठेकेदारांना १०९९ द्यावेच लागतात.

टप्पा ९: राज्याचा रिटर्न वेगळा

फेडरल आकडा तसाच राज्याच्या फॉर्मवर उतरवणं ही हमखास दिसणारी आणि पैसे घालवणारी चूक. कोलोराडो, न्यू यॉर्क, न्यू जर्सी यांसारख्या अनेक राज्यांनी परवानाधारकांसाठी आपला टॅक्स २८०ई पासून सोडवून घेतला आहे. कॅलिफोर्नियाचा कॉर्पोरेशन टॅक्स तर २८०ई मानतच नाही. तिथे नाकारलेला खर्च परत वजा होतो. मात्र कॉर्पोरेशन आणि व्यक्ती यांना नियम वेगळे असू शकतात, म्हणून त्या वर्षाच्या फॉर्मच्या सूचना वाचा.

टप्पा १०: पैसे कमी पडले किंवा नोटीस आली तर

रिटर्न वेळेवर भराच. न भरल्याचा दंड न दिल्याच्या दंडापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि मुदतवाढ फॉर्म भरायला मिळते, पैसे भरायला नाही. उरलेल्यासाठी हप्ते मागा. दिवाळखोरीचा रस्ता इथे जवळजवळ बंद आहे: फेडरल कोर्ट, फेडरल कायद्याने बेकायदा मालमत्ता, म्हणून यू.एस. ट्रस्टी (दिवाळखोरीवर देखरेख करणारे फेडरल अधिकारी) असे अर्ज फेटाळायला लावतात. राज्याच्या कोर्टातली रिसीव्हरशिप (कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात धंदा देणं) हाच पर्याय उरतो.

नोटिशीला उत्तर देताना मागितलेलं तेवढंच द्या. पहिल्या पानावर टप्पा ३ आणि ५ चे निर्णय, मागे खोल्यांचा नकाशा, हजेरीपत्रकं, सबमीटरची बिलं, साठ्याची मोजणी. परवाना सोडत असाल किंवा धंदा विकत असाल तर आधी ट्रॅकिंग यंत्रणेतला सगळा डेटा उतरवून घ्या. परवाना बंद झाला की लॉगिन बंद होऊ शकतं, आणि तपासणीची मुदत साधारण ३ वर्षं, उत्पन्न २५ टक्क्यांहून जास्त लपलं असेल तर ६ वर्षं चालू राहते.